डबीमागची जागा

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, आजोबांचं विमान दुरुस्त झालं का?" मी म्हणाले, "झालं असेल." मग तुमच्या बाबाने फोन घेतला आणि आम्ही माझ्या गुडघ्यांवर बोललो.

माझं ते उत्तर खोटं होतं. विमान कधी बिघडलंच नव्हतं. तीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. उत्तर चुकलं तर एक रेघ मारून खोडायचं आणि शेजारी बरोबर उत्तर लिहायचं, असं मी मुलांना सांगत असे. म्हणून हे लिहिते आहे. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच तो थांबला तर थांबू द्या.

तुमच्या आजोबांचं लातूरला मोटारपंपांचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत आहे. गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक संस्था आली तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. पंप बसवून द्यायला ते त्याच रस्त्याने जायचे. एक दिवस स्कूटर थांबवून आत गेले आणि दुपारी जेवायला बसल्यावर म्हणाले, "मी विमान शिकायलो." मी विचारलं, "कुणाला विचारून?" ते म्हणाले, "तुम्हालाच तर विचारायलो की मॅडम." लग्नानंतर मी कॉलेजात लागले, तेव्हापासून ते मला मॅडमच म्हणत. आधी चेष्टेने, नंतर सवयीने.

पोटासाठी विमान चालवणाऱ्यांचं लायसन वेगळं आणि हौसेसाठी चालवणाऱ्यांचं वेगळं. आजोबांचं हौसेचं. पगार घ्यायचा नाही, भाडं घ्यायचं नाही, शेजारी घरचं माणूस बसवायला हरकत नाही. संस्थेकडे दोन जणांचं एकच विमान होतं, पांढरं, पंखाखाली निळा पट्टा. महिन्यातून एकदा-दोनदा ते सकाळी जात आणि दुकान उघडायच्या वेळेला परत येत. बाजारात लोक म्हणायचे, "अप्पा, वर जाऊन आमच्या बोअरला पाणी हाय का तेवढं बघून या!" ते म्हणायचे, "पाणी हाय, पण तुमचा पंप चुकीचा हाय. दुकानावर या."

मी एकदाच बसले. लातूरहून नांदेडला, माझ्या माहेरच्या गावी. निघाल्याची आणि उतरल्याची वेळ मी वहीत लिहिली. कानावरच्या यंत्रातून त्यांचा आवाज आला, "मॅडम, घड्याळ काय बघायलाव? खाली बघा की." मी बघितलं. गोदावरी दिसली. आमच्या जुन्या घराचं छप्पर मला ओळखू आलं नाही.

आता लायसनच्या कागदाबद्दल. विमान चालवणाऱ्याला ठरावीक मुदतीने डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं. नजर, कान, रक्तदाब, हृदयाचा आलेख. तो दाखला नसेल तर लायसन कपाटात राहतं. आमच्याकडे तेव्हा ते काम घरचेच डॉक्टर करत. दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना, माणूस आपल्यातलाच, आपल्याच मठाला जाणारा. छातीचा एक्स-रे दर वेळी लागतोच असं नव्हतं, पण डॉक्टरांना सवय होती. "आलाच हाव तर फोटो काढून घेऊ अप्पा," म्हणायचे.

पहिल्याच वेळी तिथे अडलं. आपल्यात मूल जन्मलं की त्याला इष्टलिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं. तुमच्या बाबाने त्याचं टेबलाच्या खणात ठेवलं आहे हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आजोबांचं चांदीच्या चौकोनी डबीत होतं, जाड दोऱ्याने गळ्यात. विमान वळलं की डबी हेलकावे खाते आणि खांद्यावरच्या पट्ट्यात अडकते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मी त्यांच्या सगळ्या बनियनना आतून, डाव्या बाजूला, छोटा खिसा शिवला होता. बारा बनियन, बारा खिसे, काखेपासून चार बोटांवर, एकाच मापाचे. डबी त्यात बसली की हलत नसे, आणि डॉक्टर फोटो बनियनसकटच काढत.

डॉक्टर म्हणाले, "अप्पा, ते काढावं लागंल. फोटोत येतंय."

"तुम्ही काढता का?"

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हसले. "मी कशाला काढू?"

"मग मी तरी कशाला?"

"माझं काय न्हाई हो. वरचे लोक विचारतील, हे पांढरं काय हाय म्हणून."

मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, मग तसं लिहून द्यावं. डॉक्टरांनी पेन उघडलं. "सांगा मॅडम, मी लिहितो. तुमचं इंग्रजी वर चालतंय." मी एक वाक्य सांगितलं. मराठीत त्याचा अर्थ असा: डाव्या बाजूची चौकोनी सावली अंगावरील धार्मिक वस्तूची आहे, तिला वैद्यकीय महत्त्व नाही.

कागद मंजूर होऊन आला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी जुना रिपोर्ट समोर ठेवून तेच वाक्य उतरवलं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. नंतर त्यांच्या कंपाउंडरला ते पाठ झालं. फिल्म मी वर्षाप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवत असे. आठ झाल्या होत्या. कधीतरी मी त्या खिडकीच्या काचेला लावून बघितल्याही होत्या. प्रत्येकीवर डाव्या बाजूला तोच पांढरा चौकोन, त्याच जागी. खिसा बरोबर मापाचा झाला आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

मग नियम बदलले. परिपत्रक इंग्रजीत होतं. मी छापून घेतलं आणि पट्टी ठेवून महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. आता घरच्या डॉक्टरचा दाखला चालणार नव्हता. विमानाच्या तपासणीचं वेगळं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची यादी होती, त्यातल्याच एकाकडे जायचं. अर्ज संगणकावर भरायचा, रिपोर्ट आणि फिल्म डॉक्टरने तिथूनच परस्पर पाठवायची. वय वाढलेल्यांची मुदत कमी. आजारपणं, गोळ्या, चक्कर, सगळं स्वतः जाहीर करायचं आणि खाली सही. मी हे आजोबांना जेवताना मराठीत सांगितलं.

"म्हणजे आपल्याच डॉक्टरांनी आपल्याला तपासायचं न्हाई?"

"नाही."

"मग तपासायचं कुणी? व्याह्यांनी?"

यादीतले सगळ्यांत जवळचे डॉक्टर नांदेडला निघाले. हवाई दलातून निवृत्त झालेले होते. मी फोन करून वेळ घेतली. नोव्हेंबर होता. जुन्या दाखल्याची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते, आणि नाताळच्या सुट्टीत तुम्ही येणार होता. थोरलीला बारा पूर्ण झाले की विमानात नेईन, असं आजोबांनी फोनवर कबूल केलं होतं. तिने त्यांना चित्र काढून पाठवलं होतं, निळ्या पट्ट्याचं. पट्टा पंखाच्या वर काढला होता. आजोबांनी ते दुकानात गल्ल्याच्या मागे चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "नात बसणार हाय. पट्टा चुकलाय, पण बसवणार." दाखल्याशिवाय ते होणार नव्हतं.

आम्ही सकाळी गाडीने निघालो. रक्त द्यायचं म्हणून ते उपाशी होते. मी धपाटे आणि दह्याचा डबा घेतला होता, आणि मांडीवर फाइल. अहमदपूरपर्यंत ते कापसाच्या गाड्यांवर बोलत होते. लोह्याच्या पुढे ते म्हणाले, "वरून हा रस्ता लई सरळ दिसतो. खालूनच वाकडा हाय."

दवाखाना स्वच्छ होता. डॉक्टर ताठ, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. नजर तपासली, कान तपासले, आलेख काढला. सगळं ठीक होतं. मग एक्स-रेच्या खोलीत एक पोरसवदा बाई होत्या, त्यांनी दारातूनच सांगितलं, "काका, बनियन काढा आन् गळ्यातलं बी काढा."

"ते निघत न्हाई."

"चैन हाय का?"

"देव हाय."

"मग देवाला बसवा की दोन मिनिटं बाजूला. मी बघते त्याच्याकडं."

आजोबा हसले नाहीत. मी फाइल उघडली आणि जुना रिपोर्ट पुढे केला, वाक्यावर बोट ठेवून. त्या बाई आतून डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि परत दिला. म्हणाले, "हे आता चालत नाही. फिल्मवर बाहेरची कुठलीही वस्तू दिसली की परत येते. मी पाठवणारच नाही. तुम्हाला काढायचं नसेल तर आपण इथेच थांबू. माझी काही हरकत नाही."

आजोबा भिंतीकडे बघत उभे राहिले. मी त्यांना चाळीस वर्षांत आंघोळीलासुद्धा डबी उतरवताना पाहिलं नव्हतं. ते परत चला म्हणतील असं मला वाटलं, आणि मी फाइलीची दोरी बांधायला घेतली.

ते म्हणाले, "हातात धरलं तर?"

त्या बाई म्हणाल्या, "हात छातीच्या बाहेर राहू द्या. मग हत्ती धरा."

त्यांनी दोरा मानेवरून काढला, डाव्या मनगटाला गुंडाळला आणि डबी मुठीत धरली. त्यांचा चष्मा आणि घड्याळ माझ्याकडे दिलं. दार लागलं. दार उघडलं. दोन मिनिटंही झाली नव्हती. बाहेर येऊन त्यांनी आधी दोरा गळ्यात घातला, मग बनियन.

रिपोर्टला तासभर होता. आम्ही गाडीत बसून धपाटे खाल्ले. ते मजेत होते. "झालं बघा. देवाचं बी मेडिकल झालं." दह्याचा डबा त्यांनी बोटाने पुसून खाल्ला. थोरलीला फोन लावू का म्हणाले. तुमच्याकडे रात्र असेल, असं मी सांगितलं.

मग त्या बाई गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, सरांनी आत बोलावलंय. आता त्या चेष्टेत बोलत नव्हत्या.

पडद्यावर फिल्म होती. चौकोन नव्हता. जिथे दर वेळी चौकोन असायचा तिथे एक गोल डाग होता, बोराएवढा, कडा ओबडधोबड. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवला. पुढच्या तपासण्या हव्यात म्हणाले, शक्यता सांगितल्या, आवाज न बदलता. मग विचारलं, "जुन्या फिल्म आहेत?"

मी फाइल दिली. वर्षाप्रमाणे लावलेल्या होत्या, त्यामुळे वेळ गेला नाही. त्यांनी एकेक प्रकाशाच्या पेटीवर लावली. आठही लावून बघितल्या.

मी विचारलं, "मागच्या वेळी होता का?"

"सांगता येणार नाही. तिथे डबी आहे."

"त्याच्या आधीच्या वेळी?"

"तिथेही आहे." त्यांनी रिपोर्ट उलटून ते वाक्य पुन्हा वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. त्यांना बोलायचं काहीतरी होतं आणि तेच सुचलं असावं. मी थँक्यू म्हणाले.

आजोबांनी एकच विचारलं. "मग सर्टिफिकेट?"

"सध्या अनफिट म्हणून पाठवावं लागेल. तपासण्या झाल्यावर बघू."

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. मी म्हटलं, मी चालवते. ते म्हणाले, "एवढं तर चालवू द्या." अहमदपूरला थांबून आम्ही चहा घेतला. नेहमीच्याच हॉटेलात, नेहमीच्याच बाकावर. चहा गोड होता.

दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर घेऊन माझ्यासमोर बसले. "जुन्या दाखल्याची मुदत अजून एकोणीस दिवस हाय."

"हो."

"आन् नव्याचा कागद अजून आला न्हाई."

"नाही आला."

"एक चक्कर. लातूर ते नांदेड, नांदेड ते लातूर. तुम्ही बसा बाजूला. घड्याळ बघा पाहिजे तर."

मी परिपत्रक काढलं. ज्या ओळीखाली मी रेघ मारली होती ती त्यांना आधी इंग्रजीत वाचून दाखवली, मग मराठीत सांगितली: आपली तब्येत उड्डाणाला योग्य नाही असं ज्याला कळलं आहे त्याने, हातातल्या दाखल्याची मुदत शिल्लक असली तरी, विमान चालवू नये.

त्यांनी कॅलेंडर खिळ्याला परत लावलं. "तुमचं इंग्रजी वर चालतंय मॅडम," म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत. दुकानात गेले.

मी रोजच्या वहीत हवामान लिहिते. पुढचे एकोणीस दिवस आभाळ स्वच्छ होतं. वारा मंद. एक दिवस सकाळी धुकं, नऊला विरलं.

पुढच्या तपासण्या हैदराबादला झाल्या. डाग कॅन्सरचा होता आणि फक्त तिथेच उरलेला नव्हता. किती दिवसांपासून आहे, असं मी तिथल्याही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जुनी फिल्म असती तर सांगता आलं असतं." आठ आहेत असं मी सांगितलं नाही. आमच्या घरच्या डॉक्टरांना सांगावं लागलं. ते दवाखाना बंद करून आले आणि ओसरीवर बसले. मग म्हणाले, "अप्पा, मी काढा म्हणायला पाहिजे होतं." आजोबा म्हणाले, "तुम्ही म्हणला होता. मीच न्हाई काढलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा करा की." मी चहा केला. वाक्य माझं होतं, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. खिशाचं तर त्यांना सुचलंही नसेल.

डिसेंबरात तुम्ही आलात. आजोबा बारीक दिसतात असं तुमची आई म्हणाली, तेव्हा त्यांनी डाएट करायलो म्हणून सांगितलं. बाबाला सगळं माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही हे आजोबांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ते तुम्हाला धावपट्टीवर घेऊन गेले, मीही आले होते. कुंपणाच्या बाहेर आपण उभे राहिलो. थोरलीने निळा स्वेटर घातला होता. आजोबा म्हणाले, "इंजिन बिघडलंय गं. पार्ट यायचाय." ती म्हणाली, "कधी येईल?" ते म्हणाले, "लांबून यायचाय."

तेवढ्यात एक विमान आलं, धावपट्टीला टेकलं आणि न थांबता पुन्हा वर गेलं. शिकाऊ मुलं तसा सराव करतात. पांढरं, पंखाखाली निळा पट्टा.

धाकटा म्हणाला, "आजोबा, ते तर उडतंय."

"ते दुसरं हाय."

तिथे एकच होतं. थोरलीने पंखाखालचा पट्टा बघितला आणि मग आजोबांकडे बघितलं. तुझं चित्र चुकलं होतं हे तुला तिथे कळलं असेल. बाकीचं किती कळलं ते मला माहीत नाही. परत येताना गाडीत तू आजोबांचा हात धरून बसली होतीस, डावा.

एप्रिलमध्ये ते गेले. तुम्हाला सुट्टी नव्हती, बाबा एकटाच आला. आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. मठाच्या स्वामींनी डबी उघडून लिंग बाहेर काढलं, आजोबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. एक्स-रेच्या दारात ती मूठ मी पाहिली होती. स्वामींनी विचारलं, "आई, डबीचं काय करायचं?" मी म्हटलं, माझ्याकडे द्या.

ती मी फिल्मच्या फाइलमध्ये ठेवली आहे. जाड असल्यामुळे फाइल नीट मिटत नाही, दोरी दोन वेळा फिरवावी लागते. बनियन धुऊन वाटून टाकले. खिसे आधी उसवले. बारा होते, अर्धा दिवस लागला.

विमान खात्याचा कागद मे महिन्यात आला. अर्जदार अपात्र, पुनर्तपासणीसाठी मुभा आहे. तो मी त्याच फाइलला लावला, तारखेप्रमाणे.

तर धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर: विमान चांगलं आहे. आज सकाळी सव्वानऊला घरावरून गेलं.